कंपनीच्या स्पीकरचा दोष किती, दाराचा किती?

३० मे २०२४ रोजी नागपूरकरांच्या फोनवर एकच आकडा फिरत होता: ५६ अंश सेल्सियस. रामदासपेठेजवळ कृषी विद्यापीठाच्या शेतात बसवलेल्या स्वयंचलित हवामान केंद्राने तो दाखवला होता. ऊन त्या दिवशी होतंच, पण ४५ अंशांच्या घरातलं. पुढे हवामान खात्याने तपासून सांगितलं की केंद्राचा सेन्सरच बिघडला होता.

मोजमापाचा विषय निघाला की मला हा प्रसंग आठवतो. मोजल्याशिवाय बोलू नये हे खरंच, पण ज्याने मोजतो ते यंत्रही एकदा तपासून घ्यावं लागतं. गाडीतल्या म्युझिक सिस्टीमच्या बाबतीत आपल्याकडे या दोन्ही गोष्टी राहून जातात. गाणं फिकं वाटतं, शब्द कळत नाहीत, डग्ग्याची घुमक येत नाही. मग आपण दुकानात जातो. तिथे ठरलेलं वाक्य ऐकू येतं, ‘भाऊ, कंपनीचे स्पीकर म्हणजे कागद. बदलून टाका.’ आपण बदलतो.

मीही बदलले होते. आधीच्या हॅचबॅकमध्ये मी चांगले महागाचे स्पीकर बसवून घेतले आणि घरी येईपर्यंत लक्षात आलं, की खालचा आवाज पूर्वीपेक्षाही कमी झालाय. तीन-चार महिने मी स्वतःची समजूत घालत राहिलो. शेवटी दाराचं पॅनेल उघडलं तेव्हा कारण सापडलं. डाव्या स्पीकरच्या दोन्ही वायरी उलट जोडल्या होत्या. एका दाराचा पडदा बाहेर जाताना दुसऱ्या दाराचा आत जात होता, आणि दोघं मिळून खालचे सूर पुसून टाकत होते. दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांच्या कामासाठी मी हजारो रुपये चुकीच्या जागी घातले होते. हा लेख त्यासाठीच लिहितोय.

कंपनी काय देते

साध्या गाडीत चार दारांत चार स्पीकर असतात, बहुधा साडेसहा इंची. थोड्या वरच्या मॉडेलमध्ये आरशाजवळ किंवा खांबावर दोन ट्वीटर असतात. ‘५० वॅट गुणिले ४’ असं स्टिरिओच्या खोक्यावर छापलेलं असलं तरी ते क्षणभराचं शिखर असतं. गाडीच्या साडेचौदा व्होल्टच्या आसपासच्या विजेतून, वेगळा ॲम्प्लिफायर नसताना, ४ ओहमच्या स्पीकरला खरे सतत मिळणारे वॅट सुमारे वीसच असतात. त्याहून जास्त भौतिकशास्त्रच देत नाही. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आणि कागद ही शिवी नाही. कागदी पडदा हलका असतो, थोड्या वॅटमध्ये जोरात वाजतो, मानवी आवाज त्यातून छान येतो. घरच्या अनेक नामांकित स्पीकरांत आजही कागदच आहे. कंपनीच्या स्पीकरमध्ये चुंबक लहान आणि प्लॅस्टिकची चौकट पातळ असते, हे मान्य. पण त्याला ज्या दारात बसवलंय ते दार त्याहून कितीतरी जास्त सदोष असतं.

याच राज्यात बनणाऱ्या गाड्यांकडे पाहिलं तर फरक कशाने पडतो ते कळतं. पिंपरीत बनणारी टाटा हॅरियर जेबीएलच्या दहा स्पीकरांसह मिळते, चाकणची महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सोनीच्या बारा स्पीकरांसह आली, तर महिंद्राची विजेवरची बीई ६ हर्मन कार्डनच्या सोळा स्पीकरांसह. लोक स्पीकर मोजतात. पण अशा सिस्टीममधली महागाची गोष्ट म्हणजे मध्ये बसलेला सिग्नल प्रोसेसर, म्हणजेच डीएसपी, आणि त्याच केबिनमध्ये माइक ठेवून केलेली मोजणी. कुठल्या स्पीकरला कोणते सूर द्यायचे, किती उशिरा द्यायचे, हे त्या गाडीच्या काचा आणि सीट धरून ठरवलेलं असतं. तुमच्याकडे अशी गाडी असेल तर त्यातला एखादा स्पीकर काढून दुकानातला बसवू नका. ठरवलेला हिशेब बिघडतो आणि बहुतेक वेळा आवाज खालावतो.

बाकीच्यांच्या, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या गाडीत ती मोजणी कुणी केलेली नसते किंवा घाईत केलेली असते. ती आपण करू शकतो.

मोजणी

लागणारं सामान थोडं आहे. फोनवर एखादं ‘आरटीए’ म्हणजे रिअल टाइम ॲनालायझरचं ॲप, पिंक नॉइजची ध्वनिफीत, काही ठरावीक सुरांच्या फायली आणि एक साधा मल्टीमीटर. लॅपटॉप असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घ्या. जगभरचे हौशी आणि व्यावसायिक दोघंही ते वापरतात. ध्वनिफिती यूएसबी पेनड्राइव्हवर, न दाबलेल्या स्वरूपात घ्या. ब्लूटूथवर मोजलंत तर फोनचं, ब्लूटूथचं आणि गाडीचं असं तिघांचं मिळून मोजाल.

आता सेन्सरचा प्रश्न. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. अनेक फोन शंभर हर्ट्झच्या खालचा आवाज मुद्दाम कापतात, आणि काही तर जोराचा आवाज आला की आपोआप संवेदनशीलता कमी करतात. म्हणून फोन वापरायचा तो तुलनेपुरता: डावीकडे-उजवीकडे, आधी-नंतर, ट्वीटर चालू-बंद. ‘माझ्या गाडीत ५० हर्ट्झच नाहीत’ असा निष्कर्ष फोनवरून काढू नका. जरा जास्त खोलात जायचं असेल तर यूएसबीवर चालणारा, स्वतःच्या अनुक्रमांकाची कॅलिब्रेशन फाइल मिळणारा मोजणीचा माइक घ्या. मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हा त्यातला प्रसिद्ध. तो एका मित्रमंडळात मिळून घेतला तर खर्च जाणवतही नाही, कारण प्रत्येकाला तो वर्षातून दोनदाच लागतो.

माइक तपासायची घरगुती रीतही आहे. एकच पिंक नॉइज, एकाच जागी, पाच मिनिटांच्या अंतराने तीन वेळा मोजा. तिन्ही आलेख एकमेकांवर बसले नाहीत तर दोष गाडीत शोधू नका.

वेळ पहाटेची. उन्हाळ्यात नागपुरात दुपारी मोजणं दोन कारणांनी चुकीचं. एक, एसीशिवाय बसवत नाही, आणि एसीचा पंखाच माइकला सगळ्यात मोठा ऐकू येतो. दुसरं कारण स्पीकरच्या आतलं आहे. तांब्याच्या तारेचा विद्युत रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलेली व्हॉइस कॉइल १५-१६ टक्के जास्त रोध दाखवते आणि त्यामुळे कमी वीज घेते. उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत एवढी उष्णता सहज साठते. म्हणून सकाळी सहाच्या आत, सेमिनरी हिल्सच्या बाजूला किंवा गोरेवाड्याच्या रस्त्यावर, जिथे ट्रक नाहीत अशा जागी गाडी सुरक्षित बाजूला लावा. काचा बंद, इंजिन बंद, पंखा बंद, फक्त स्टिरिओ चालू. तुम्ही नेहमी बसता तसेच चालकाच्या जागी बसा, कारण तुमचं शरीरही आवाज शोषतं.

स्टिरिओची बेस-ट्रेबलची सगळी बटणं शून्यावर आणा. ‘लाउडनेस’, ‘रॉक’, ‘पॉप’ वगैरे प्रकार बंद करा. वेगाप्रमाणे आवाज वाढवण्याची सोय असेल तर तीही बंद. पिंक नॉइज लावून आवाज ७५ ते ८० डेसिबलपर्यंत न्या. पिंक नॉइजमध्ये प्रत्येक सप्तकात सारखीच ऊर्जा असते, म्हणून तो या कामाला योग्य. व्हाइट नॉइज घेतलात तर वरचे सूर दर सप्तकाला ३ डेसिबलने चढत जातील आणि ट्रेबल उगाचच जास्त दिसेल.

माइक एका जागी रोवून मोजू नका. गाडीच्या छोट्या जागेत चार बोटं इकडेतिकडे झाली तरी आलेख बदलतो. माइक हातात धरून, डोकं जिथे असतं त्या भागात, कानांच्या उंचीवर, हळूहळू फिरवत राहा आणि अर्ध्या ते एका मिनिटाची सरासरी घ्या. असं तीनदा करा: फक्त डावी बाजू, फक्त उजवी, मग दोन्ही. आलेखाला एक-तृतीयांश सप्तकाचं गुळगुळीतीकरण द्या, नाहीतर करवतीसारख्या दातांत काहीच कळत नाही.

मग एक चाचणी रस्त्यावरची. शेजारी बसलेल्या माणसाने मोजायचं, चालकाने नाही. संगीत बंद, वेग ताशी ८० किलोमीटर. छोट्या हॅचबॅकमध्ये अशा वेळी ६५ ते ७० डेसिबल ही नेहमीची गोष्ट आहे. नागपुरातले सिमेंटचे रस्ते आणि समृद्धी महामार्गाचं काँक्रीट यात भरच घालतात. टायरची घरघर बहुतांश खालच्या सुरांची असते आणि ती नेमका बेस गिळते. म्हणूनच घरासमोर छान वाजणारी गाडी बुटीबोरीच्या पुढे फिकी वाटते. टायरमधली हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणली तर काही वेळा या घरघरीत फरक पडतो, आणि त्याला खर्च नाही.

आलेख कसा वाचायचा

सपाट रेषा हे आपलं ध्येय नाही. चालत्या गाडीत शंभर हर्ट्झच्या खाली सहा ते दहा डेसिबलचा उठाव आणि वरच्या बाजूला हळूहळू उतरती रेषा असली की आवाज भरलेला वाटतो. कमी आवाजात ऐकणाऱ्याला याहून थोडा जास्त उठाव लागतो, कारण हळू आवाजात कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात.

साध्या गाडीत सहसा काय दिसतं? १०० ते १६० हर्ट्झच्या आसपास एक टेकडी, जी डग्ग्याला बोंबलायला लावते. २०० ते ४०० च्या दरम्यान खड्डा, ज्यामुळे पुरुषाचा आवाज पोकळ होतो. दोन ते चार हजारांत काचेवरून उसळलेल्या आवाजाची टोचणी. आणि आठ हजारांच्या पुढे उतार, कारण स्पीकर आपल्या घोट्याकडे तोंड करून बसलाय.

यातला खड्डा नीट समजून घ्या. आपल्याकडे चालक उजवीकडे. उजव्या दारातला स्पीकर समजा ९० सेंटिमीटरवर आणि डावीकडचा १४० वर. फरक अर्धा मीटर. हवेत आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. ज्या सुराची अर्धी लांबी बरोबर अर्धा मीटर आहे, म्हणजे सुमारे ३४३ हर्ट्झ, तो दोन्हीकडून उलट्या स्थितीत येऊन पोहोचतो आणि विरतो. हा खड्डा इक्वलायझरने भरत नाही. तिथे जेवढं वाढवाल तेवढं दोन्ही बाजू एकमेकांचं खातात आणि ॲम्प मात्र तापतो. वेगवेगळ्या मोजलेल्या डाव्या-उजव्या आलेखात खड्डा नसेल आणि एकत्रात असेल, तर उपाय वेळेचा आहे: जवळच्या स्पीकरला सुमारे दीड मिलिसेकंद उशीर द्यायचा. टाइम अलाइनमेंट म्हणतात ते हेच. बदललेल्या अनेक स्टिरिओंत आणि सगळ्या डीएसपींत ही सोय असते. (मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला ३५८ मीटरच्या आसपास धावतो, पण अर्ध्या मीटरच्या अंतरात तेवढ्याने कानाला कळण्याइतका फरक पडत नाही.)

खड्डा २०० च्या खाली असेल आणि सगळा बेसच पातळ असेल, तर आधी पोलॅरिटी पाहा, म्हणजे माझ्या गाडीत झालं ते. बॅलन्स पूर्ण डावीकडे नेऊन ऐका, मग उजवीकडे, मग मध्ये. मध्ये आणल्यावर बेस वाढायला हवा. कमी झाला तर एका बाजूची वायर उलट आहे. खात्रीसाठी स्पीकरची वायर सोडवून दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: धन टोकाला धन लावल्यावर पडदा बाहेर यायला हवा.

इक्वलायझरचा एकच उपदेश मी ठामपणे करतो. टेकड्या कापा, खड्डे भरू नका. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वीज लागते, १० डेसिबलला दहापट. आपल्याकडे वीस वॅट आहेत.

पैसे लागत नाहीत अशी कामं

मोजल्यावर पहिली फेरी बटणांची. फेडर, म्हणजे पुढच्या-मागच्या स्पीकरांमधला तोल, थोडा पुढे घ्या. गाणाऱ्याचा आवाज पाठीमागून येणं नैसर्गिक नाही, आणि मागची दारं सहसा गढूळपणाच वाढवतात. १२० हर्ट्झच्या टेकडीवर बेसचं बटण लावलेलं असेल तर एक-दोन घरं खाली. मग पुन्हा मोजा. अनेक गाड्यांत एवढ्यावरच अर्धं काम झालेलं मी पाहिलंय.

दुसरी फेरी खडखडीची. ३० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा सूर लावा आणि दाराच्या पॅनेलवर, डिकीच्या झाकणावर, नंबरप्लेटवर हात ठेवत फिरा. जिथे झणझण होते तिथे हाताने दाबल्यावर ती थांबते. तुटलेल्या क्लिपा बदला, सैल वायरींना कापडी टेप गुंडाळा, नंबरप्लेटमागे फोमची पट्टी लावा. दाराच्या खिशात ठेवलेली पाण्याची बाटली आणि चष्म्याची डबी हेही गुन्हेगार निघतात.

ऐकण्याचा स्रोतही एकदा तपासा. आकाशवाणी नागपूरच्या ५८५ किलोहर्ट्झवरच्या मध्यम लहरींवर बहुतेक कार रेडिओ चार-पाच हजार हर्ट्झपर्यंतच ऐकवतात, आणि एफएमची धाव १५ हजारांपर्यंत. ट्वीटर चांगला की वाईट हे रेडिओवर ठरवू नका.

दार

पैसे खर्चायचे तर आधी इथे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

स्पीकरला मागे बंद खोका हवा, म्हणजे पडद्याच्या पाठीमागचा उलटा आवाज पुढच्या आवाजाला मारत नाही. गाडीच्या दारात आतल्या पत्र्याला हाताएवढी भोकं असतात, त्यावर पातळ प्लॅस्टिकचा कागद. म्हणजे स्पीकर एका फुटलेल्या डब्यात बसलाय. ही भोकं ॲल्युमिनियमच्या पत्र्याने किंवा जाड डॅम्पिंग शीटने बंद केली, स्पीकर आणि पत्रा यांच्यामधली फट गॅस्केटने भरली, आणि स्पीकरच्या तोंडाभोवती फोमचं कडं लावून आवाज पॅनेलच्या मागे न जाता जाळीतूनच बाहेर येईल असं केलं, की त्याच कंपनीच्या स्पीकरचा मिडबेस कान ओळखणार नाहीत इतका बदलतो. बाहेरच्या पत्र्यावर पूर्ण शीट चिकटवायची गरज नसते. पत्र्याची थरथर थांबवायला मधला चौथा हिस्साभर भाग झाकला तरी पुरतो. दुकानदार पूर्ण दार झाकायचे पैसे लावतात, त्यातून दार जड होतं आणि बिजागऱ्यांवर भार येतो.

शीट कुठली, हा प्रश्न नागपुरात जास्त महत्त्वाचा. स्वस्त शीट डांबराची असते. उन्हात दाराचा पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो, तेव्हा डांबर मऊ होतं, वास सोडतं, घसरतं आणि काच वर-खाली करणाऱ्या यंत्रणेत जाऊन अडकतं. ब्युटिल रबराची शीटच मागा. हातात घेऊन वास घ्या: डांबराचा वास आला तर परत करा. चिकटवण्याआधी पत्रा स्पिरिटने पुसून घ्या, कारण आपल्याकडची बारीक धूळ तेलकट थर धरून बसते.

तीन सावधगिऱ्या इथे पाळाच. दाराच्या तळाशी पाणी निचरण्याची भोकं असतात, ती बुजवू नका. पावसाळ्यात दार पाण्याने भरतं आणि आतून गंजतं. काही गाड्यांच्या दारात साइड एअरबॅगचा दाब ओळखणारा सेन्सर असतो. तो असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारल्याशिवाय दार बंदिस्त करू नका. आणि स्पीकरखाली एमडीएफची, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाची रिंग लावून देत असतील तर नको म्हणा, पहिल्याच पावसात ती फुगते. प्लॅस्टिकची घ्या.

हे झाल्यावर पुन्हा पहाटे जाऊन मोजा. आधीच्या आलेखावर नवा ठेवा.

मग वीज, मग स्पीकर

दारानंतरही कमी वाटलं तर क्रम ॲम्प आणि डीएसपीचा, स्पीकरचा नंतर. कारण महागाचे अनेक स्पीकर जड पडद्याचे असतात, त्यांची संवेदनशीलता कंपनीच्या स्पीकरपेक्षा कमी असते. तीच वीस वॅट त्यांना दिली तर ते कमीच वाजणार. संवेदनशीलतेतला ३ डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट विजेचा फरक. शिवाय कंपनीच्या काही स्पीकरांचा रोध ४ नाही, २ ओहम असतो. सोडवलेल्या स्पीकरवर मल्टीमीटर लावून पाहा: ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो. २ च्या जागी ४ बसवलात तर विजेतले निम्मे वॅट तिथेच गेले.

कंपनीच्या स्टिरिओमधून सिग्नल घेताना तो खराखुरा सपाट आहे का, हेही मल्टीमीटरने पाहता येतं. ५०, १०० आणि ४०० हर्ट्झचे सूर आवाजाच्या तीन पातळ्यांवर वाजवा आणि स्पीकरच्या टोकांवरचे एसी व्होल्ट लिहून ठेवा. स्वस्त मीटर ४०० च्या पुढे नीट मोजत नाही, म्हणून तिथेच थांबा. आवाज वाढवल्यावर ५० हर्ट्झचे व्होल्ट इतरांच्या मागे पडू लागले, तर कंपनीने स्पीकर वाचवण्यासाठी बेस मुद्दाम कापलाय असं समजा. अशा ठिकाणी डीएसपी बसवणाऱ्याला हे आकडे दाखवा.

ॲम्पवरचं गेनचं बटण आवाज वाढवायचं नाही, सिग्नल जुळवायचं आहे. ६० वॅटचा ॲम्प ४ ओहमवर चालवताना टोकांवर साडेपंधरा व्होल्टच्या पुढे जाऊ नये, कारण ६० गुणिले ४ म्हणजे २४०, आणि त्याचं वर्गमूळ १५.५. या एका हिशेबाने कितीतरी ट्वीटर जळायचे वाचतील. ही जुळवणी स्पीकर सोडवून, ५० किंवा १०० हर्ट्झच्या सुरावर करा.

वायर कापू देऊ नका. प्रत्येक गाडीसाठी तयार कपलर मिळतात, ते लावले की उद्या सगळं पूर्ववत करता येतं आणि वॉरंटीचा वाद उभा राहत नाही. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. तो नसेल तर पत्र्यावर घासलेली वायर गाडी पेटवू शकते. वायर पूर्ण तांब्याची आहे का ते पाहा. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण तापते. ॲम्प सीटखाली ठेवाल तर हवा खेळती राहील असा ठेवा. मे महिन्यात दुपारी पार्क केलेल्या गाडीत तो गाणं सुरू होण्याआधीच तापलेला असतो, आणि पाच मिनिटांत स्वतःला बंद करतो. समोरच्या खांबावर ट्वीटर चिकटवण्याआधी पाहा, तिथे कर्टन एअरबॅग असल्याची खूण आहे का. असेल तर तो खांब सोडून द्या. अपघातात तो ट्वीटर गोळीसारखा उडेल.

ऊफर हवाच असेल तर बंद खोक्यातला लहान घ्या. बंद केबिनच खालच्या सुरांना उचलून धरते, त्यामुळे डिकी अडवणाऱ्या मोठ्या खोक्याची गरज बहुतेकांना नसते.

कानाने पडताळा

यंत्राने सांगितलेलं शेवटी कानाला पटलं पाहिजे. त्यासाठी ओळखीचं संगीत घ्या. मी तानपुऱ्यापासून सुरुवात करतो. काळी एकच्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. ही तार जवारीमुळे वरचे अनेक स्वर बरोबर घेऊन बोलते. खालचा मूळ स्वर स्पीकरने दिला नाही तरी कान तो वरच्या स्वरांवरून भरून घेतो. त्यामुळे खर्ज ऐकू येतोय एवढ्यावर समाधान मानू नका. चारही तारा वेगवेगळ्या कळतात का, आणि जवारीची झिणझिण काचेसारखी टोचते का, ते ऐका. मग काळी चारची गायिका घ्या, षड्ज २०८ हर्ट्झच्या जवळ. वरच्या सप्तकात तान गेली की आवाज जागेवर राहायला हवा, एकदम उजव्या दारात उडी मारता कामा नये. मग तबला: डग्ग्यावरची मींड अखंड घसरत जायला हवी. मधला एखादा स्वर अचानक फुगला, तर आलेखातली टेकडी अजून शिल्लक आहे.

आणि आवाज किती ठेवायचा, तोही मोजाच. ८५ डेसिबल आठ तास ही कानाच्या सुरक्षेची मान्य मर्यादा आहे, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९४ ला एकच. समृद्धीने नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, सुमारे आठ तासांचा प्रवास. टायरची घरघर बुडवायला आवाज चढवत नेला तर इगतपुरीच्या कितीतरी आधी ही मर्यादा ओलांडलेली असते, आणि मागच्या सीटवरची लेकरं स्पीकरच्या जास्त जवळ बसलेली असतात. त्यांच्या डोक्यापाशी एकदा माइक धरून पाहा. वस्तीतून जाताना काचा बंद ठेवा. निवासी भागात रात्री दहानंतरची कायद्याची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

काढलेले कंपनीचे स्पीकर, क्लिपा आणि कपलर एका डब्यात नाव घालून जपून ठेवा, गाडी विकताना लागतात. पण एवढ्यात काढूच नका. या आठवड्यात दुकानाकडे गाडी वळवण्याआधी एका पहाटे काचा लावून बसा, बॅलन्स डावीकडे-उजवीकडे-मध्ये फिरवा, आणि मध्ये आल्यावर बेस वाढतो का ते ऐका.